कुप्पीची जागा

त्या पत्राला बहुधासाहेबांनी उत्तर दिले नव्हते. विसरले असते तर एक वेळ बरे झाले असते. पण विसरणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि उत्तर देणेही नव्हते. पत्र कधी शब्दकोशात असे, कधी प्रवासवर्णनात. एक पुस्तक वाचून झाले की ते वाचनखूण म्हणून पुढच्या पुस्तकात जाऊन बसायचे. घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा ते पत्र जास्त वाचलेले आहे, असे त्यांची थोरली बहीण पुढे म्हणाली.

बहुधासाहेब हे काही त्यांचे नाव नव्हे. संग्रहालयाच्या शस्त्रविभागात ते आयुष्यभर नोंदणीचे काम करत होते, आणि नोंदीच्या प्रत्येक कार्डावर एक तरी ‘बहुधा’ असायचाच. मूठ बहुधा नंतरची. म्यान बहुधा दुसऱ्या तलवारीचे. एका शिपायाने एकदा त्यांच्या जेवणाच्या डब्यावर ‘बहुधा साहेबांचा’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि नाव पडले ते पडलेच. त्यांना राग आला नाही. डबा खरोखरच दुसऱ्याचा असू शकला असता, असे त्यांना वाटले.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी एकच पुस्तक लिहिले, तेही लोक मागे लागले म्हणून. विषय लहानसा होता. काडतुसे येण्याआधीची जी टोपीची रिव्हॉल्व्हरे होती, त्यांच्या सोबतचे सामान कसे ओळखावे, एवढाच. त्या रिव्हॉल्व्हरांमध्ये दारू आणि गोळी चक्रीच्या एकेका घरात वेगळी भरावी लागे आणि मागच्या बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवावी लागे. त्यामुळे पेटीत रिव्हॉल्व्हरच्या शेजारी संसारच मांडलेला असायचा. दारूची कुप्पी, गोळ्या ओतायचा साचा, टोप्यांची डबी, बोंडी काढायचा पाना. रिव्हॉल्व्हर माणसे जपतात, हे बारीकसारीक सामान हरवते. मग विकणारे कुठली तरी कुप्पी आणि कुठला तरी साचा आणून रिकामे कप्पे भरतात. कोणती वस्तू त्या काळची, त्या जोडाची, आणि कोणती भर घातलेली, हे ओळखणे म्हणजे साहेबांचे शास्त्र.

हस्तलिखित प्रकाशकाकडे गेले तेव्हा त्यात ‘बहुधा’ जागोजागी पेरलेले होते. प्रकाशकाने तांबडे पेन घेऊन ते एकूण एक उडवले. “साहेब, वाचक पुस्तक घेतो ते शंका फेडायला,” तो म्हणाला, “तुमच्या शंका सांभाळायला नव्हे.” साहेबांना बोलायचे होते. पण चहा आला, आणि तो विषय राहून गेला.

पत्र आले ते त्या पुस्तकामुळे. लिहिणारी एका रुग्णालयात परिचारिका होती. तिचे वडील घड्याळजी. त्यांच्याकडे टोपीच्या रिव्हॉल्व्हरची एक पेटी होती, ती त्यांच्या मृत्यूनंतर हिच्याकडे आली. भावाच्या ओळखीचा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी ती पाहायला आला होता. त्याने साहेबांचे पुस्तक उघडून पेटीशेजारी ठेवले आणि सांगितले, की या रिव्हॉल्व्हरबरोबरची कुप्पी म्हणजे पोटावर झेंडे आणि तोफा उठवलेली. ही तर सपाट, साधी, आणि हिची नळीही लांब. ही या जोडाची नाही. मग मूळची कोणी काढली?

‘पेटी चार वर्षे माझ्याकडे आहे,’ तिने लिहिले होते, ‘म्हणून दादाला वाटते की मी चांगली कुप्पी विकली आणि ही आणून ठेवली. मी लहानपणापासून हीच पाहिली आहे, पण हे मी कसे सिद्ध करू? आईला विचारले तर ती म्हणते, पेटीत बंदूक होती ना, झाले. आई दादाकडे असते. मी हल्ली तिकडे जात नाही. गेले की दादा उठून दुसऱ्या खोलीत जातो. आपले पुस्तक दादाच्या कपाटात आहे. आपण लिहिलेत तर तो मानेल.’

सोबत दोन फोटो होते, दोन्ही अंधुक.

साहेबांनी उत्तर लिहायला घेतले नाही असे नाही. ‘आपली कुप्पी बहुधा’ इथवर ते अनेकदा पोचले. फोटोवरून काय सांगणार? आणि चुकीचे सांगितले तर? एका पुस्तकाने आधीच त्या बाईच्या घरात भिंत उभी केली होती. आता पत्राने त्या भिंतीवर छप्पर घालायचे का? आठवडे गेले, मग इतके महिने गेले की आता लिहायचे तर आधी उशिराची माफी मागावी लागणार, आणि माफीचा मजकूरही त्यांना मनासारखा जमेना.

बहिणीला पत्र सापडले ते चष्मा शोधताना. ती त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी, विधवा झाल्यावर त्यांच्याकडे राहायला आलेली, आणि आल्या दिवसापासून घर तिचेच होते. तिने उभ्या उभ्या पत्र वाचले, तारीख पाहिली आणि खुर्ची ओढून बसली.

“हे काय रे?”

“ते होय. त्याला उत्तर लिहायचंय.”

“कधी? ती बाई रिटायर झाल्यावर?”

“ताई, फोटोवरून काही ठरत नाही. पेटी बघावी लागेल.”

“मग बघ की. पाय मोडलेत का?”

“असं कसं जायचं एकदम कुणाच्या घरी? ओळख ना देख.”

“तिने चार पानं लिहून ओळख करून दिलीय. तुझीच व्हायची राहिलीय.” ताईने पत्र पुन्हा डोळ्यांजवळ धरले. “खाली फोन नंबर आहे.”

“असू दे. मी लिहितो आज.”

ताईने ते ऐकून घेतले. दुपारी साहेब वामकुक्षीला पडले असताना तिने फोन केला, आणि ते उठले तेव्हा त्यांना बातमी मिळाली: शुक्रवारी चार वाजता. भावालाही बोलावले आहे.

“भावाला कशाला?”

“त्याच्यासाठीच तर सगळं चाललंय. मी येतेय बरोबर, घाबरू नकोस.”

त्यांना नेमकी त्याचीही थोडी भीती वाटत होती.

परिचारिकेचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. जिन्यात सायकली लावलेल्या होत्या आणि प्रत्येक दाराशी चपलांचा ढीग होता. ती दारातच उभी होती, पन्नाशीची, केस घट्ट बांधलेली, रुग्णालयातून परस्पर आलेली असावी. भाऊ आधीच येऊन खिडकीपाशी बसला होता. तो वाहन शिकवण्याचे वर्ग चालवायचा. गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवायची त्याला सवय होती. साहेबांचे पुस्तक त्याने मांडीवर ठेवले होते. त्यातल्या चित्राच्या पानावर खूण घातलेली होती.

“बसा काका,” ती म्हणाली. “चहा टाकते.”

“चहा नंतर,” ताई म्हणाली. “याला आधी काम करू दे. चहा घेतला की हा विषय बदलतो.”

साहेबांनी हात धुतले, सुती मोजे चढवले, भिंग, छोटी बॅटरी आणि मापपट्टी टेबलावर मांडली. पेटी उघडली आणि त्यांचे खांदे जरा खाली आले. माणसांच्या खोलीत ते नेहमी पाहुणे असत. उघड्या पेटीसमोर मात्र ते घरी असत.

रिव्हॉल्व्हर त्यांनी बाजूला ठेवले, जवळजवळ न पाहताच. भावाची किल्ली थांबली.

“ते बघायचं नाही?”

“त्याच्यावर नंबर असतो. ते स्वतःविषयी सांगतं सगळं. बाकीच्यांना विचारावं लागतं.”

साच्यातल्या गोळीच्या पोकळीचे माप त्यांनी घेतले, मग रिव्हॉल्व्हरच्या घराच्या तोंडाचे. गोळी तोंडापेक्षा केसभर मोठी हवी, म्हणजे ठासताना ती कडेने तासली जाऊन घट्ट बसते. तशी होती. पाना बोंडीवर बसवून पाहिला, हलला नाही. टोप्यांच्या डबीवरचा कागद त्या काळचाच होता, कडेला तपकिरी पडलेला. हे सगळे ते स्वतःशी पुटपुटत होते आणि परिचारिका रुग्णाच्या खाटेशी उभी राहावी तशी उभी राहून ऐकत होती.

कुप्पी त्यांनी सर्वांत शेवटी उचलली. साधी, पितळेची, सपाट. व्यापारी खोटे बोलला नव्हता. नळी पुस्तकातल्यापेक्षा नखभर लांब, म्हणजे एका वेळी दारूही जास्त देणार. मोठ्या रिव्हॉल्व्हरसाठी केलेली. ती त्यांनी रुमालावर ठेवली आणि मग जे केले ते पाहून भावाला वाटले, म्हातारा आता थकला. साहेब रिकाम्या कप्प्यात वाकून बॅटरी मारून बघत राहिले. पुष्कळ वेळ.

कप्प्याला तांबड्या बनातीचे अस्तर होते. जिथे उजेड पोचत होता तिथे ते विटकरी झाले होते, आणि मधोमध, कुप्पी निजत होती तिथे, गडद तांबडा आकार उरला होता. तो आकार या कुप्पीचा होता, सपाट पोटाचा, लांब नळीचा. पितळ कळकते तशी हिरवट काळी छाया त्या आकारात उतरली होती, आणि नळीच्या मुळाशी बनात इतकी खाल्ली गेली होती की खालचे लाकूड दिसत होते. नळीच्या टोकाशी कप्प्याच्या फळीला एक खाच होती. लांब नळी मावावी म्हणून कोणी तरी ती कापली होती. आणि कापून तशीच सोडली नव्हती, तर खाचेच्या कडेवर बनातीची करंगळीएवढी पट्टी चिकटवली होती. पट्टी कुठून आणली असेल? साहेबांनी साच्याच्या कप्प्याचा तळ उचलून पाहिला. खाली, जिथे कोणी कधी बघणार नाही तिथून, तेवढीच पट्टी सरळ कापून घेतली होती.

हे पाहून त्यांना फार बरे वाटले. जे दिसले ते त्यांनी तेव्हाच तोंडाने सांगितले असते तर पुढचे सगळे टळले असते.

“मग?” भावाने विचारले. “या जोडाची आहे का?”

“नाही.”

“म्हणजे बदललेली आहे.”

“हो. म्हणजे बदललेली आहे, पण... बरीच आधी. बहुधा.”

भावाने पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरले. आवाज चढलेला नव्हता; वर्गात चुकलेल्या विद्यार्थ्याला समजवावे तसा होता. “काका, या पुस्तकात एकही बहुधा नाही. मी शोधला. इथे लिहिलंय, अमुक रिव्हॉल्व्हर, अमुक कुप्पी. आता माझ्या घरच्या पेटीपाशी येऊन बहुधा म्हणता?”

प्रकाशकाने ते उडवले, असे सांगायला साहेबांनी तोंड उघडले आणि ते सांगणे किती केविलवाणे दिसेल हे लक्षात येऊन मिटले.

“हो का नाही, एवढं सांगा,” भाऊ म्हणाला. “हिने बदलली का नाही?”

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. साहेबांना एकदम शंका आली. पितळेला बनात अशी खायला किती वर्षे लागतात? वीस? चाळीस? की दमट भिंतीशी ठेवली तर पाचसहाच? त्यांना खात्री होती, आणि खात्री असली की ती कुठे तरी चुकली असणार असे वाटायची त्यांना सवय होती.

“घरी जाऊन एक गोष्ट बघतो,” ते म्हणाले, “आणि कळवतो.”

“कळवा,” भाऊ म्हणाला आणि किल्ली पुन्हा फिरू लागली. “सावकाश कळवा. तिने पत्र लिहून दीड वर्ष झालं म्हणे.”

चहा झाला. निघताना परिचारिका त्यांच्याबरोबर जिन्याच्या वळणापर्यंत आली. “काका, तुम्ही आत्ता काही सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं,” ती हळूच म्हणाली. “त्याला कागद लागतो. कागदावरच तर बिनसलं सगळं. लिहून पाठवाल ना?” मग जरा थांबून, “आई विचारते म्हणे, मी कुठे गावाला गेलेय का.”

बसमध्ये ताई खिडकीशी बसली आणि पहिले काही थांबे बाहेर बघत राहिली. साहेबांना वाटले, सुटलो.

“तुला कळलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग तोंडात काय धरलं होतंस?”

“मला कळलं होतं, ताई. ते बरोबर होतं का, ते कळलं नव्हतं.”

“सत्तर वर्षं मी तुला ओळखते आणि सत्तर वर्षं हेच ऐकतेय. शाळेत स्वतःचं नाव विचारलं तरी वहीवर बघायचास.”

घरी आल्यावर साहेब कपडेही न बदलता अभ्यासिकेत गेले. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात एक पितळी कुप्पी होती. नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी ती भंगारातून उचलली होती, खणात बनातीचा तुकडा अंथरून तिच्यावर ठेवली होती, आणि नमुना म्हणून अधूनमधून नुसती बघत आले होते. आता त्यांनी ती उचलली. खालच्या बनातीवर फिकट हिरवी सावली होती, चहाच्या कपाची उठावी तेवढी. नोकरी लागली, संपली, निवृत्तीही जुनी झाली, आणि सावली एवढीच. पेटीतली त्याच्या कितीतरी पट गडद होती.

“झालं तर मग,” ताई दारातून म्हणाली.

“हा खण कोरडा आहे. त्यांची भिंत दमट असली तर?”

ताईने एक सुस्कारा सोडला आणि ती आत गेली. परत आली ती शिवणाची पेटी घेऊन. ही पेटी तिच्या सासरच्या मोरीशेजारच्या कपाटात वर्षानुवर्षे असायची. कपाटाच्या पाठीला ओल येऊन रंगाचे पोपडे पडत. पेटीच्या एका कोपऱ्यात कापडावर तिचे पितळी अंगुस्तान होते, लग्नात मिळालेले, बोट जाड झाल्यापासून न वापरलेले. तिने ते उचलले. खाली गोल हिरवा डाग होता. साहेबांच्या खणातल्यापेक्षा गडद. पण कापड शाबूत होते, एक धागा तुटला नव्हता.

“बोट जाड झालं ते धाकटीच्या वेळी,” ताई म्हणाली. “धाकटीला आता चाळिशीचा चष्मा लागलाय. ओलीत, मोरीच्या शेजारी. आणि तुझ्या त्या बाईकडे पाचसहा वर्षांत कापड खाऊन लाकूड दिसेल?”

साहेब तो डाग भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी भिंग खाली ठेवले. खोलीत आणखी कुठली शंका उरली आहे का, हे ते शोधत होते, जसे दिवे मालवण्याआधी माणूस खिडक्या तपासतो. शंका सापडली नाही. त्यांना थोडे पोरके वाटले.

“पेटी आधी वडिलांच्या कपाटात होती,” ते सावकाश म्हणाले. “किल्ली त्यांच्या खिशात. तिने तसं लिहिलंय, आणि भाऊही ते नाकारत नाही.”

“मग बस आता. मी जेवण इथेच आणते.”

त्या संध्याकाळी पत्र लिहून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने ते हातात घेऊन मोठ्याने वाचले, कारण स्वतःचे लिहिलेले दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय साहेबांना ते पटत नसे.

‘आपल्या पत्राला फार उशिरा उत्तर देत आहे, त्याला सबब नाही. हे उत्तर आपल्या बंधूंनीही वाचावे म्हणून पाकिटावर दोघांची नावे घातली आहेत.

‘व्यापाऱ्याने सांगितले ते खरे आहे. ही कुप्पी त्या रिव्हॉल्व्हरच्या जोडाची नाही. मात्र अशा पेट्यांमध्ये नेहमी एकच कुप्पी असे, असे माझ्या पुस्तकावरून वाटते, ते तसे नाही. तेवढे मला ठाऊक नव्हते आणि नाही. ते पान चुकीचे छापले गेले आहे.

‘ही कुप्पी आपण बदललेली नाही. तिचा डाग खालच्या बनातीत जितका खोल गेला आहे तितका जायला कोरड्या जागी किंवा ओलीतही चाळीस वर्षे पुरत नाहीत, हे मी दोन ठिकाणी ताडून पाहिले आहे. पेटी आपल्याकडे येऊन सहा वर्षेही झालेली नाहीत. म्हणजे ही कुप्पी त्या कप्प्यात आपल्या वडिलांच्या हयातीत, त्यांच्या किल्लीखाली होती.

‘आपल्या बंधूंना एक विनंती. कप्प्याच्या फळीला नळीपुरती खाच आहे, आणि तिच्या कडेवर बनातीची पट्टी आहे. ती पट्टी साच्याच्या कप्प्याच्या तळातून घेतली आहे. हे काम बहुधा आपल्या वडिलांचे असावे. त्यांनी दुरुस्त केलेले एखादे घड्याळ घरात असेल, तर त्यात त्यांनी तासलेली एखादी कडा या खाचेशेजारी ठेवून पाहावी. हात ओळखणे मला जमणार नाही, आपल्याला जमेल.’

ताईने कागद खाली केला. “एक राहिला.”

“कुठे?”

“‘बहुधा आपल्या वडिलांचे.’ मुद्दाम ठेवलायस का चुकून?”

“तो राहू दे,” साहेब म्हणाले. “ते मला खरंच माहीत नाही.”

ताईने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले, आणि पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली. पाकीट त्यांनी चिकटवले. मग नावे बरोबर आहेत ना म्हणून उजेडात धरले. मग पत्ता जुन्या पत्राशी ताडून पाहिला, आणि ते जुने पत्र पुन्हा पुस्तकात न ठेवता खणात, कुप्पीच्या शेजारी ठेवले.

टपालपेटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला लागून होती. ताई बरोबर येते म्हणाली. साहेब नको म्हणाले, आणि तिला आश्चर्य वाटले म्हणून ती आली नाही. दुकानदार दुकानाच्या फळ्या काढत होता. त्याने विचारले, “काय साहेब, आज सकाळी सकाळी?”

“एक पत्र टाकायचंय.”

“महत्त्वाचं दिसतंय.”

“हो,” साहेब म्हणाले. बहुधा म्हणायचे त्यांच्या लक्षातही आले नाही.

त्यांनी पाकीट फटीतून आत सरकवले. अर्धे आत, अर्धे बाहेर असताना बोटे नेहमीप्रमाणे थांबली. आत टाकलेले परत काढता येत नाही, म्हणून आजवर कितीतरी पत्रे ते इथून घरी घेऊन गेले होते. त्यांनी पाकिटावरची दोन नावे एकदा वाचली, एकाखाली एक, बहिणीचे वर आणि भावाचे खाली, आणि बोटे सोडली. पेटी रिकामीच असावी. पत्र तळाला लागल्याचे ऐकू आले.